डब्लिन येथील जुनें पार्लमेंट-भवन व आयर्लंड बँक : एका वास्तूची पाठचिकित्सा

(१)

इतिहासाच्या साधनांची गणना होऊं लागली म्हणजे अस्सल पत्रें, यादी, ताम्रपट, शिलालेख, नाणीं यांचीं नांवें क्रमानें येतात. इमारतीचें नांव सर्वांच्या मागून येतें, आणि तें आलें तरी तिची तसबीर छापण्यापलीकडे तिचा उपयोग क्वचितच केला जातो. आमच्या मतें ही उपेक्षा अन्यायाची आहे. जुनी इमारत हाही एक लेखच असतो. पोथीप्रमाणें तिलाही मूळ कर्ता असतो, मागून तिच्यांत भर घालणारे असतात, दुरुस्ती करणारे असतात, आणि नको तो मजकूर हरताळ लावून पुसणारेही असतात. भेद इतकाच कीं, पोथीवर हरताळ लावला म्हणजे त्याचा पिवळा डाग राहतो व वाचणारा सावध होतो. इमारतीवरील हरताळ चुन्याखालीं किंवा दगडाखालीं दडून जातो, आणि पाहणारा समोरची भिंत हीच मूळची असें समजून पुढें जातो.

ही फसगत विशेषेंकरून तेव्हां होते, जेव्हां एका कामासाठीं बांधलेली सार्वजनिक इमारत दुसऱ्या कामास लावली जाते. बँका, न्यायालयें, जकातघरें व राजसभा यांच्या इमारतींत अशी अदलाबदल वारंवार झालेली दिसते. अमेरिकेंत फिलाडेल्फिया शहरीं विल्यम स्ट्रिकलंड यानें ग्रीक देवळाच्या धर्तीवर बांधलेली व १८२४ सालीं पुरी झालेली बँक १८४५ पासून १९३५ पर्यंत जकातघर होती. कलकत्त्याच्या डलहौसी चौकांतील आग्रा बँकेची १८३३ सालची इमारत १८६८ पासून सरकारच्या नोटखात्याकडे गेली, आणि १९३५ सालीं रिझर्व्ह बँकेची पहिली मध्यवर्ती कचेरी तिच्यांतच थाटली. आइसलंडची राजधानी रेक्याविक येथें विसाव्या शतकाच्या आरंभीं बँकेसाठीं उभारलेल्या इमारतींत १९९२ पासून जिल्हा-न्यायालय भरत आहे. या अदलाबदलीचें कारण केवळ जागेची सोय हें नव्हे. बँक, न्यायालय व राजसभा या तिन्ही संस्थांना आपल्या भिंतींकडून एकच काम करवून घ्यावयाचें असतें : आंत शिरणाऱ्या मनुष्याच्या मनांत विश्वास व धाक हे दोन्ही एकदम उत्पन्न करावयाचे. म्हणून जाड भिंती, थोडे दरवाजे, दर्शनी स्तंभांची रांग, वरून उजेड घेणारें मोठें दालन, आणि त्या दालनांत अधिकारी व अर्जदार यांच्यामध्यें एक कठडा, ही रचना तिघांनाही चालते. कठड्यापलीकडे न्यायाधीश बसला कीं कारकून बसला, याची भिंतींना क्षिति नसते.

परंतु भिंतींना क्षिति नसली तरी संशोधकाला असली पाहिजे. या दृष्टीनें अत्यंत उद्बोधक असें उदाहरण आम्हांस डब्लिन शहरांतील कॉलेज ग्रीन येथील आयर्लंड बँकेच्या इमारतीचें वाटतें. ती मुळांत आयरिश पार्लमेंटसाठीं बांधली गेली, १८०३ सालीं बँकेच्या हातीं गेली, आणि त्या प्रसंगीं तिच्या अंतरंगांतील एक मुख्य प्रकरण बुद्धिपुरस्सर काढून टाकण्यांत आलें. या इमारतीविषयीं दोन मतें प्रचलित आहेत. बँकेनें राष्ट्राच्या सभेचा नाश केला, हें एक. आणि बँक नसती तर इमारत उरलीच नसती, हें दुसरें. दोन्ही मतें अर्धवट वाचनावर उभारलीं आहेत, असें आम्हीं पुढें दाखविणार आहों.

(२)

प्रथम मूळ पाठ पाहूं. या जागीं पूर्वीं चिचेस्टर हाउस नांवाचा एक वाडा होता. १६६१ पासून आयरिश पार्लमेंट त्यांत भरत असे. परंतु तो मोडकळीस आला व १७२८ सालीं पाडण्यांत आला. नव्या इमारतीचा पाया १७२९ च्या फेब्रुवारींत घातला गेला. तिचा कर्ता सर एडवर्ड लव्हेट पिअर्स हा मूळचा लष्करी अंमलदार व स्वतः पार्लमेंटचा सभासद. तो इटलींत हिंडून आला होता, आणि पालादियो या इटालियन वास्तुशास्त्रज्ञाच्या ग्रंथाची त्यानें बरोबर नेलेली प्रत त्याच्या हातच्या समासांतील टीपांसह आजही लंडन येथील ब्रिटिश वास्तुविशारदांच्या संस्थेच्या संग्रहीं आहे. त्यानें काढलेले या व इतर इमारतींचे नकाशे व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट म्यूझियममध्यें आहेत. म्हणजे कर्त्याचें वाचन व कर्त्याचा खर्डा हीं दोन्ही उपलब्ध. ग्रंथसंपादकासही असें भाग्य क्वचितच लाभतें.

पार्लमेंटची बैठक नव्या इमारतींत १७३१ च्या आक्टोबरांत सुरू झाली. पिअर्स १७३३ च्या डिसेंबरांत ऐन तारुण्यांत वारला, आणि उरलेलें काम आर्थर डॉब्स याच्या देखरेखीखालीं १७३९ च्या सुमारास पुरें झालें. दोन सभागृहें असलेल्या पार्लमेंटसाठीं मुद्दाम बांधलेली ही जगांतील पहिली इमारत होय. वेस्टमिन्स्टर येथें इंग्रजांचें पार्लमेंट त्या काळीं जुन्या राजवाड्यांतील दालनांत व एका जुन्या प्रार्थनामंदिरांत भरत होतें. आणि त्याच्या अंकित मानलेल्या राज्याचें पार्लमेंट मात्र स्वतःसाठीं नव्यानें बांधलेल्या भवनांत बसत होतें, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

पिअर्सच्या रचनेंतील मुख्य कल्पना दोन. पहिली बाहेरची. रस्त्याच्या बाजूस त्यानें सरळ भिंत उभी न करतां मध्यें चौक सोडला, आणि त्या चौकाच्या तिन्ही बाजूंनीं आयोनिक स्तंभांची ओवरी फिरविली. मध्यभागीं त्रिकोणी शिखराचें स्तंभद्वार पुढें काढलें. परिणाम असा होतो कीं इमारत रस्त्यावर चाल करून येत नाहीं; ती रस्त्याला आंत बोलावते. दुसरी कल्पना आंतली, आणि आमच्या मतें अधिक महत्त्वाची. इमारतीच्या ऐन मध्यावर, स्तंभद्वाराच्या रेषेंत, त्यानें कॉमन्स सभेचें अष्टकोनी सभागृह ठेवलें व त्यावर घुमट चढविला. लॉर्ड्स सभेचें दालन त्यानें पूर्वेकडे एका बाजूस घातलें. अमीर-उमराव बाजूस व लोकनियुक्त सभासद मध्यें, हा क्रम त्या काळच्या दरबारी मानमरातबाच्या उलट होता. शब्दांत कोणी असें लिहिलें असतें तर तें धाडसाचें ठरलें असतें. पिअर्सनें तें नकाशांत लिहिलें व कोणी हरकत घेतली नाहीं.

मात्र येथें 'लोकनियुक्त' हा शब्द जपून वाचावा. या पार्लमेंटमध्यें बहुसंख्य कॅथोलिक प्रजेस बसण्याचा अधिकार अखेरपर्यंत मिळाला नाहीं. मताचा अधिकारही १७९३ सालीं परत मिळाला. लॉर्ड्स सभेच्या दालनांत लावण्यासाठीं सहा चित्रपट विणवून घ्यावयाचे ठरलें होतें. त्यांपैकीं दोनच पुरे झाले, व ते १७३३ सालीं लागले. एकावर लंडनडेरीचा बचाव व दुसऱ्यावर बॉईन नदीची लढाई आहे. दोन्ही प्रसंग विल्यम राजाच्या, अर्थात् प्रॉटेस्टंट पक्षाच्या विजयाचे. तेव्हां भवनाची भव्यता पाहून तें सर्व राष्ट्राचें मंदिर होतें असें म्हणणें म्हणजे मुखपृष्ठ पाहून ग्रंथाचा अभिप्राय देण्यासारखें आहे.

(३)

आतां मागाहून पडलेली भर पाहूं. १७८२ सालीं आयरिश पार्लमेंटला कायदे करण्याची स्वतंत्रता मिळाली, आणि त्याबरोबर जागाही अपुरी वाटूं लागली. लॉर्ड्स सभेस स्वतंत्र प्रवेशद्वार हवें होतें. तें काम जेम्स गँडन याजकडे आलें व १७८५ पासून १७८९ पर्यंत चाललें. पूर्वेकडे जमीन उतरती असल्यामुळें तेथील स्तंभ अधिक उंच करणें भाग होतें. म्हणून गँडननें आयोनिक सोडून कॉरिंथियन पद्धतीचे सहा स्तंभ उभे केले, आणि हें नवें द्वार पिअर्सच्या ओवरीस एका वळणदार भिंतीनें जोडलें. त्या भिंतीला स्तंभ नव्हते. कोनाडे तेवढे होते. एकाच इमारतीस दोन जातींचे स्तंभ लावले, या कारणावरून गँडनवर टीका होत आली आहे. आम्हांस ती टीका मान्य नाहीं. गँडननें आपली भर ही भर म्हणूनच दाखविली. साध्या भिंतीचा दुवा मध्यें ठेवून त्यानें वाचणाऱ्यास सांगितलें कीं, येथें पहिल्या कर्त्याचें अक्षर संपलें व दुसऱ्याचें सुरू झालें. प्रामाणिक भर घालणाराची हीच रीत.

पश्चिमेकडे कॉमन्स सभेसाठीं रॉबर्ट पार्क यानें याच सुमारास तसेंच द्वार बांधलें, परंतु त्यानें आयोनिक स्तंभ घेतले, आणि वळणदार भिंतीच्या पुढें मोकळी उभी अशी स्तंभांची रांग लावली. त्यामुळें पूर्वेचा हात व पश्चिमेचा हात यांत उघड भेद झाला. १७९२ च्या फेब्रुवारींत कॉमन्स सभागृहास आग लागली व पिअर्सचा घुमट जळाला. तें सभागृह व्हिन्सेन्झो व्हाल्द्रे या इटालियन कलावंतानें पुन्हा उभारलें. १७९६ सालीं तें पुरें झालें. अष्टकोन जाऊन वर्तुळ आलें, उंची कमी झाली, आणि पहिल्याची भव्यता राहिली नाहीं.

ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची आहे, आणि बँकेवर रोष धरणारे लेखक ती नेमकी विसरतात. १८०३ सालीं बँकेच्या हातीं जें कॉमन्स सभागृह आलें तें पिअर्सचें नव्हतें. तें व्हाल्द्रेचें, अवघ्या सात वर्षांचें होतें. फ्रान्सिस व्हीटली यानें १७८० च्या सुमाराच्या बैठकीचें जें सुप्रसिद्ध चित्र काढलें त्यांत घुमटाखालचें मूळ सभागृह दिसतें, आणि रोलंड ओमर यानें १७६७ सालीं प्रसिद्ध केलेल्या मोजमापांच्या नकाशांत त्याची रचना नोंदलेली आहे. लोकांच्या मनांत हेंच चित्र ठसलें असल्यामुळें बँकेनें तेंच मोडलें अशी समजूत झाली. वस्तुतः मूळ पाठ आगीनें नेला. बँकेनें पुसला तो दुसरा पाठ होय.

(४)

आतां मुख्य प्रकरणाकडे वळूं. १८०० सालीं एकीकरणाचा कायदा संमत झाला, त्याच वर्षीं ऑगस्टच्या दोन तारखेस आयरिश पार्लमेंटची शेवटची बैठक झाली, व १ जानेवारी १८०१ पासून दोन्ही राज्यें एक झालीं. सभा गेली, भवन उरलें. १७८३ सालीं स्थापन झालेल्या आयर्लंड बँकेस मोठ्या जागेची गरज होतीच. ४०,००० पौंडांस व्यवहार ठरला. विक्रीस संमति देतांना सरकारनें बँकेस खासगी रीतीनें असें बजावलें कीं, दोन्ही सभागृहांचें रूप असें पालटावें कीं पुन्हा तेथें राजसभा भरविण्याची कल्पना कोणाच्या मनांत येऊं नये.

या अटीवर थोडा विचार केला पाहिजे. राज्यकर्त्यांना भिंतींचें सामर्थ्य किती नेमकें ठाऊक असतें याचा यापेक्षां चांगला दाखला सांपडणें कठीण. ज्यांनीं पार्लमेंट कायद्यानें बंद केलें, त्यांना केवळ कायद्यावर विसंबणें पुरेसें वाटलें नाहीं. रिकामें सभागृह हेंच एक बोलावणें आहे, हें ते जाणून होते. आपल्याकडे गडांवरील वाडे व तट इंग्रजांनीं १८१८ नंतर पाडले त्यांत लष्करी हेतु होता हें खरें. परंतु गादीची जागा पाहणाऱ्याच्या मनांत काय उठतें याचाही विचार त्यांच्या मनांत नसेलच असें म्हणवत नाहीं.

बँकेनें काम फ्रान्सिस जॉन्स्टन यास दिलें. डब्लिनचें जनरल पोस्ट ऑफिस पुढें यानेंच बांधलें. जॉन्स्टननें केलेल्या कामाचे तीन भाग पडतात, आणि तिन्हींविषयीं आमचा अभिप्राय निरनिराळा आहे.

पहिला भाग बाहेरचा. गँडनच्या साध्या भिंतीस व पार्कच्या मोकळ्या स्तंभांच्या रांगेस त्यानें एकसारखें रूप दिलें. दोहोंकडे भिंतींत अर्धवट गुंतलेले स्तंभ बसविले. आज रस्त्यावरून पाहणारास सर्व इमारत एका हातची वाटते ती यामुळें. यांत कौशल्य मोठें आहे, व डोळ्यास सुख होतें हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु संशोधकाच्या दृष्टीनें हा गुण तितकाच दोष आहे. तीन लेखकांच्या अक्षरांची पोथी एखाद्या सुलेखकानें एकाच वळणानें उतरून काढावी व मूळ पानें फेकून द्यावीं, तसें हें झालें. प्रत सुंदर झाली. पण अक्षर कोणाचें तें कळण्याची सोय गेली. पूर्वेकडील कॉरिंथियन द्वार मात्र जॉन्स्टननें तसेंच ठेवलें, म्हणून गँडनचा हात आजही ओळखतां येतो.

दुसरा भाग रोकड-दालनाचा. पिअर्सच्या इमारतींत स्तंभद्वाराच्या मागें 'कोर्ट ऑफ रिक्वेस्ट्स' या नांवाचें दालन होतें. नांव न्यायालयाचें, पण उपयोग सभागृहाबाहेरील दालनाचा. त्या जागीं जॉन्स्टननें बँकेचें मुख्य दालन केलें व त्यास वरून उजेड दिला. हें दालन आम्हांस निर्दोष वाटतें. आंत शिरतांच उंचावरून येणारा शांत प्रकाश, रुंद मोकळी भुई, आणि पेढीच्या कामास अवश्य तेवढाच दिमाख. येथें जॉन्स्टन कोणाचें अनुकरण करीत नाहीं व कांहीं लपवीतही नाहीं. तो आपल्या धन्याचें काम आपल्या भाषेंत लिहितो. रस्त्याच्या बाजूस खिडक्या नसणें हा राजसभेच्या गांभीर्याचा भाग वाटतो, आणि तोच बँकेच्या सुरक्षिततेसही उपयोगी पडतो. आरंभीं सांगितलेल्या बँक व न्यायालय यांच्या सादृश्याचें मर्म येथें दिसून येतें. शब्दांतही तें सादृश्य उतरलें आहे : बँकेच्या संचालकमंडळास 'कोर्ट' म्हणण्याचा प्रघात होता, आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या 'कोर्ट ऑफ डायरेक्टर्स'चे कागद वाचणाऱ्या आमच्या वाचकांस त्यांत नवल वाटणार नाहीं.

तिसरा भाग कॉमन्स सभागृहाचा. तें पूर्णपणें मोडण्यांत आलें व त्या जागीं कचेऱ्यांच्या खोल्या झाल्या. अट पाळली गेली ती येथें. पिअर्सच्या नकाशांतील मध्यबिंदूच नाहींसा झाला. दारांतून आंत येणारी रेषा जेथें जाऊन पोहोंचावयाची तें स्थान उरलें नाहीं. पाठ दुसरा होता, हें खरें; परंतु स्थान पहिलें होतें. व्हाल्द्रेनें घुमट बदलला तरी मध्य राखला होता. जॉन्स्टननें मध्यच काढला. या कृत्याचा दोष मुख्यत्वें हुकुम देणाराकडे जातो, हातोडा धरणाराकडे नव्हे. तरी पण जॉन्स्टनचा कोणताही कैवारी त्याची ही बाजू मांडल्यावांचून राहूं नये.

लॉर्ड्स सभेचें दालन मात्र वांचलें. बँकेनें तें आपल्या सभांसाठीं ठेवलें. सिंहासनाच्या जागीं तिसऱ्या जॉर्ज राजाचा पुतळा बसविला. कमानदार छत, ओकच्या लांकडाचें काम व ते दोन चित्रपट जसेच्या तसे राहिले. अटीप्रमाणें दोन्ही सभागृहें पालटावयाचीं होतीं, एकच पालटलें. कोणी म्हणेल, बँकेनें अट मोडून उपकार केला. आम्ही तेथें इतकेंच म्हणतों कीं, वांचलें तें कोणतें व गेलें तें कोणतें हें पाहावें. अमिरांची सभा राखण्यांत कोणास भय वाटलें नाहीं. भय वाटलें तें कॉमन्स सभेच्या रिकाम्या बांकांचें. इमारतीच्या माथ्यावरील मूर्तीही हेंच सांगतात. लॉर्ड्स सभेच्या द्वारावर एडवर्ड स्मिथ याच्या हातच्या मूर्ती आहेत, त्यांत न्याय व स्वातंत्र्य यांच्या आहेत. त्या पार्लमेंटच्या काळच्या. मुख्य द्वारावर त्याच शिल्पकारानें १८०९ सालीं हायबर्निया म्हणजे आयर्लंड देवी, आणि तिच्या बाजूंस निष्ठा व व्यापार अशा मूर्ती बसविल्या. त्या बँकेच्या काळच्या. एकाच शिल्पकाराच्या हातून वीस-बावीस वर्षांत न्याय व स्वातंत्र्य यांच्या पाठोपाठ निष्ठा व व्यापार यावे, यापेक्षां स्पष्ट कालनिर्णय कोणता शिलालेख देईल ?

(५)

सभागृह मोडलें तेव्हां त्याचीं पानें इतस्ततः गेलीं. कॉमन्स सभेचा शेवटचा अध्यक्ष जॉन फॉस्टर यानें सभेचा राजदंड स्वाधीन करण्याचें नाकारलें व तो आपल्या घरीं ठेवला. पुढें त्याच्या वंशजांकडून तो लंडनच्या लिलावांत आला, आणि १९३७ सालीं आयर्लंड बँकेनेंच तो विकत घेतला. अध्यक्षाची खुर्ची रॉयल डब्लिन सोसायटीकडे गेली. सभागृहांतील मोठें झुंबर ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षागृहांत लागलें. फुटलेल्या पोथीचीं पानें निरनिराळ्या संग्राहकांकडे सांपडावीं, तसा हा प्रकार. संग्राहकांनीं येथें थोडें थांबून विचार करावा. हीं पानें टिकलीं तीं कोणीतरी हौसेनें जपलीं म्हणून. परंतु त्यांचा मूळ क्रम कळतो तो ओमरचे नकाशे व पिअर्सचे खर्डे उरले म्हणूनच. वस्तु व वस्तूचें स्थान यांची फारकत झाली म्हणजे वस्तूचें मोल निम्मे होतें.

याहून मोठा प्रसंग १९२२ सालीं ओढवला. लिफी नदीच्या काठीं गँडननेंच बांधलेल्या 'फोर कोर्ट्स' या न्यायमंदिराच्या आवारांत आयर्लंडचें सार्वजनिक दफ्तर होतें. यादवी युद्धाच्या आरंभीं त्या जागेवर तोफा चालल्या, आणि ३० जून रोजीं झालेल्या स्फोटांत व आगींत तेराव्या शतकापासूनचे कागद भस्म झाले. न्यायालयें कांहीं वर्षें डब्लिनच्या किल्ल्यांत भरलीं. न्यायमंदिर १९३२ पर्यंत पुन्हा उभें राहिलें. कागद मात्र परत येणारे नव्हते. २०२२ सालीं, त्या घटनेस शंभर वर्षें झालीं तेव्हां, जगभरच्या संग्रहांतील नकला व उतारे एकत्र करून त्या दफ्तराची जुळणी लोकांपुढें ठेवण्यांत आली. हें कार्य स्तुत्य आहे. पण त्यावरून आमचा मुद्दा अधिकच दृढ होतो. जेथें दफ्तर जळतें तेथें इमारत ही साक्षीदार म्हणून पुढें येते. आणि ती साक्ष घ्यावयाची तर तिच्यावर कोणी, केव्हां, काय लिहिलें याची चिकित्सा अगोदर झालेली असली पाहिजे.

(६)

आतां निर्णय. १९२२ नंतर स्वतंत्र आयर्लंडचें पार्लमेंट कॉलेज ग्रीनला परत गेलें नाहीं. तें लीन्स्टर हाउसमध्यें, म्हणजे पिअर्सच्या हाताखालीं काम केलेल्या रिचर्ड कॅसल्सनें बांधलेल्या सरदारी वाड्यांत बसलें, आणि १९२४ सालीं तो वाडा विकत घेण्यांत आला. पुढें बँकेची मुख्य कचेरीही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत बॅगट स्ट्रीटवर गेली. तेव्हांपासून, जुनें भवन घेऊन त्यांत कॉमन्स सभागृह पुन्हा जसेंच्या तसें उभारावें, असा विचार अधूनमधून बोलून दाखविला जातो. तो विचार भावनेच्या दृष्टीनें समजण्यासारखा आहे. आमच्या दृष्टीनें तो अग्राह्य आहे. 'जसेंच्या तसें' म्हणजे कोणतें ? पिअर्सचा अष्टकोन म्हणाल तर तो १७९२ पासून नाहीं. स्वतंत्रतेच्या अखेरच्या वर्षांत व एकीकरणाच्या वादांत सभासद ज्या छताखालीं बोलले तें छत तें नव्हे. व्हाल्द्रेचें वर्तुळ म्हणाल तर तें कलेच्या दृष्टीनें उणें. शिवाय दोहोंपैकीं कोणतेंही उभारावयाचें तर जॉन्स्टनच्या काळचें दोनशें वर्षांचें काम मोडावें लागेल. एक क्षेपक काढण्यासाठीं दुसरें नवें क्षेपक घालावयाचें, आणि त्यास मूळ पाठ म्हणावयाचें, हें बनावट सनदेच्या जातीचें कृत्य होईल. गाळलेल्या जागीं संपादक कंस घालून मोकळी जागा सोडतो. ती मोकळी जागाच तेथील खरा मजकूर असतो. कॉलेज ग्रीनच्या भवनांत मध्यभागीं सभागृह नाहीं, ही गोष्ट लपवूं नये. ती नकाशा लावून, भुईवर अष्टकोनाची रेघ आंखून, पाहणाऱ्यास दाखवावी. १८०३ सालच्या अटीवर त्यासारखें दुसरें उत्तर नाहीं.

तेव्हां आरंभीं सांगितलेल्या दोन्ही मतांचा निकाल असा लागतो. बँकेनें राष्ट्रसभेचा नाश केला हें मत टिकत नाहीं, कारण सभा कायद्यानें गेली होती, मूळ सभागृह आगीनें गेलें होतें, आणि पुसून टाकण्याची बुद्धि सरकारची होती. बँकेनें इमारत वांचविली हेंही पुरतें खरें नाहीं. तिनें कवच वांचविलें, एक दालन वांचविलें, आणि गाभा दिला. या व्यवहारांत जॉन्स्टनची कला थोर ठरते. परंतु बाहेर सर्व एकसारखें करण्यांत व आंत एक स्थान नाहींसें करण्यांत ती ज्या सफाईनें चालली, त्या सफाईपासूनच अभ्यासकानें सावध राहिलें पाहिजे.

आमच्या वाचकांस हें प्रकरण दूरदेशींचें वाटूं नये. पुण्यांत विश्रामबागवाड्यांत १८२१ सालीं पाठशाळा आली व पुढें त्यांत निरनिराळीं सरकारी व नगरपालिकेचीं कामें चाललीं. १८७९ सालच्या आगीनें त्याची हानि केली, आणि त्याच आगीच्या प्रकरणांत बुधवारवाडा समूळ गेला. वाडा शाळेस, कचेरीस किंवा न्यायालयास दिला जाणें यांत गैर कांहीं नाहीं. वापरांत असलेली इमारत ओसाड इमारतीपेक्षां अधिक टिकते, हें डब्लिननेंही दाखविलें आहे. परंतु पहिला खिळा उपटण्यापूर्वीं तिचे मोजणीनकाशे काढून ठेवावे, कोणती भिंत कोणत्या सालची हें नोंदवावें, आणि काढलेलें तुळवंट, चौकट, कोरीव खांब कोठून काढला त्याची याद करून ती वस्तूबरोबर राहील असें करावें. ओमरनें १७६७ सालीं नकाशे छापले तेव्हां भवन नवें होतें व त्यास कोणताही धोका दिसत नव्हता. तरी त्यानें तें काम केलें, म्हणूनच आज आपणांस त्या अष्टकोनाविषयीं निश्चितपणें बोलतां येतें. संग्राहकांनीं पोथ्यांबरोबर अशा नकाशांचाही संग्रह आरंभावा, आणि ज्यांच्या घरीं जुन्या वाड्यांचे गवंड्यांनीं वा मोजणीदारांनीं काढलेले आराखडे पडून असतील त्यांनीं त्यांच्या नकला संशोधकांस उपलब्ध करून द्याव्या, एवढी विनंति करून हा लेख पुरा करितों.